घरच्या घरी लिनक्स कमांड लाइनचा सराव : मांडणी कशी करावी?

रामदासपेठ

नमस्कार. मी नागपुरातील एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम पाहते. आमचा सर्व्हर लिनक्सवर चालतो. त्याची देखभाल करणारे ज्येष्ठ सहकारी पुढील वर्षी निवृत्त होत असल्यामुळे ते काम मी शिकून घ्यावे, असे वरिष्ठांनी सुचवले आहे आणि मलाही ते मनापासून हवे आहे. कमांड वाचून येत नाहीत, त्या हाताने टंकाव्या लागतात, असे ते सहकारी वारंवार सांगतात. मात्र ज्या सर्व्हरवर चालू वर्षाचे हिशेब आहेत त्यावर सराव करणे योग्य नाही, हे मला न सांगताही कळते.

घरी एक लॅपटॉप आहे. त्यात विंडोज ११, ८ जीबी रॅम आणि एसएसडी आहे. मुलीचे महाविद्यालयाचे सगळे काम त्याच लॅपटॉपवर चालते, त्यामुळे माझ्या सरावापायी त्याला धक्का लागता कामा नये ही माझी पहिली अट आहे. याखेरीज माळ्यावर एक जुना डेस्कटॉप पडून आहे. तो कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा असून त्यात ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. कोणी व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) वापरा म्हणतो, कोणी विंडोजमधलेच लिनक्स पुरेसे आहे म्हणतो, तर कोणी जुन्या डेस्कटॉपवर सरळ लिनक्स टाका म्हणतो. या तिन्हींपैकी माझ्या परिस्थितीला काय मानवेल आणि मांडणी झाल्यावर सराव नेमका कशाचा करावा, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

खामला

ताई, मी मिहानमधील एका कंपनीत सर्व्हरचेच काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे. टंकताना रोमन लहान अक्षरे वापरावीत, कारण लिनक्स लहान आणि मोठ्या अक्षरांत भेद करते.

सरावाच्या जागेची खरी कसोटी एकच आहे : ती निर्धास्तपणे मोडता आली पाहिजे आणि मोडल्यावर काही क्षणांत पूर्ववत करता आली पाहिजे. जिथे मोडण्याची भीती असते तिथे माणूस ‘एलएस’ (फाइलींची यादी पाहणे) आणि ‘सीडी’ (डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर बदलणे) यांच्या पुढे जात नाही. तुम्हाला पुढे जे काम करायचे आहे, म्हणजे वापरकर्त्यांची खाती, फाइलींच्या परवानग्या, सेवा सुरू-बंद करणे, डिस्क जोडणे, ते सगळे चुकण्याच्या जागांचे काम आहे. म्हणून माझे मत व्हर्च्युअल मशीनच्या बाजूने आहे.

लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स हे व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर टाका. त्याआधी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स विभागात सीपीयूच्या माहितीखाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ सुरू असल्याची खात्री करा. बंद असेल तर ते बायोसमधून (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधून) सुरू करावे लागते. नव्या मशीनला २ जीबी रॅम, दोन कोअर आणि २० जीबीची डिस्क द्या. ही डिस्क म्हणजे विंडोजच्या दृष्टीने केवळ एक मोठी फाइल असते आणि ‘डायनॅमिक’ प्रकार निवडला तर ती वापराप्रमाणे वाढते, त्यामुळे २० जीबी एकदम अडकत नाहीत. आतल्या लिनक्सला मुलीच्या फाइली दिसतच नाहीत, जोवर तुम्ही स्वतःहून सामायिक फोल्डर जोडत नाही. तो जोडू नका.

आत डेबियन १३ (लिनक्सचा एक प्रकार) टाका आणि त्यासाठी ‘नेटइन्स्ट’ नावाची लहान प्रतिमा (इन्स्टॉल करण्याची आयएसओ फाइल) उतरवून घ्या. उतरवल्यावर विंडोजमधील ‘सर्टयुटिल’ या कमांडने तिचा एसएचए २५६ ठसा (फाइल जशीच्या तशी आहे हे दाखवणारी अक्षरमाला) काढून डेबियनने प्रसिद्ध केलेल्या ठशाशी ताडून पाहा. शिकण्याची सुरुवात तिथूनच होते. इन्स्टॉल करताना कोणते संच हवेत हे विचारणारा पडदा येतो. तिथे डेस्कटॉपच्या सर्व खुणा काढून टाकाव्यात आणि ‘एसएसएच सर्व्हर’ (दुसऱ्या संगणकाच्या टर्मिनलमधून आत शिरण्याची सोय) व ‘स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज’ एवढ्याच ठेवाव्यात. चित्रमय पडदा नसलेले डेबियन फार थोड्या रॅममध्ये चालते, आणि माऊसचा मार्गच शिल्लक नसल्यामुळे प्रत्येक काम कमांडनेच करावे लागते. तुमच्या कार्यालयातील सर्व्हरवरही बहुधा असेच असेल.

आणखी एक. इन्स्टॉलर रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड विचारतो. तो रिकामा सोडला, तर डेबियन तुमच्या खात्याला ‘सुडो’चा (रूटच्या वतीने कमांड चालवण्याचा) अधिकार आपोआप देते, तो भरला, तर देत नाही आणि मग पहिल्याच दिवशी ‘तुमचे नाव सुडोअर्समध्ये नाही’ असा निरोप पाहून लोक गोंधळतात. म्हणून रिकामा सोडावा.

इन्स्टॉल पूर्ण होऊन पहिल्यांदा आत शिरलात की मशीन बंद करा आणि लगेच स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घ्या. त्याला ‘कोरे’ असे नाव द्या. पुढे काहीही झाले तरी तिथे परतता येते.

अंबाझरी_बाग

खामला भाऊंचे म्हणणे मान्य आहे, तरी डब्ल्यूएसएलची, म्हणजे विंडोजमधल्याच लिनक्सची, बाजूही मांडली गेली पाहिजे. विंडोज ११ मध्ये प्रशासकाच्या अधिकाराने टर्मिनल उघडून ‘डब्ल्यूएसएल’ आणि पुढे ‘इन्स्टॉल’ हा पर्याय दिला की उबुंटू येऊन बसते. मशीन पुन्हा सुरू केले की सराव सुरू. डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीत खरोखरचे लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) चालते, त्यामुळे हे नकली लिनक्स आहे हा समज आता बाळगण्याचे कारण नाही. मजकूर शोधणे, गाळणे, रचणे, लहान स्क्रिप्ट लिहिणे, म्हणजे ज्याला आपण रोजची कमांड लाइन म्हणतो, ते सगळे इथे उत्तम शिकता येते. ज्याला कार्यालयातून आल्यावर थोडाच वेळ मिळतो त्याच्यासाठी हे तात्काळ उघडणे फार मोलाचे आहे.

परंतु रामदासपेठ ताईंची पहिली अट लक्षात घेता एक इशारा द्यायलाच हवा. डब्ल्यूएसएलमध्ये विंडोजची सी ड्राइव्ह ‘एमएनटी’ डिरेक्टरीखाली आपोआप जोडलेली असते. म्हणजे मुलीच्या फाइली तिथून केवळ दिसतात असे नाही, तर ‘आरएम’ या पुसण्याच्या कमांडने पुसल्याही जातात आणि त्या विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाहीत. यावर उपाय आहे : ‘ईटीसी’ डिरेक्टरीत ‘डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फ’ या फाइलीत ‘ऑटोमाउंट’ या शीर्षाखाली ‘एनेबल्ड’ची किंमत ‘फॉल्स’ करावी आणि विंडोजच्या बाजूने ‘डब्ल्यूएसएल’ला ‘शटडाउन’ देऊन पुन्हा उघडावे. हे केल्याशिवाय पुसण्याच्या कमांडचा सराव तिथे करू नये.

त्या जोडलेल्या ड्राइव्हवर परवानग्यांचा सरावही फसवा ठरतो. परवानग्या बदलणारी ‘सीएचमॉड’ दिली तरी मूळ मांडणीत परवानग्या अपेक्षेप्रमाणे बदलत नाहीत आणि शिकणाऱ्याला वाटते की आपलेच काहीतरी चुकते आहे. सराव नेहमी स्वतःच्या होम डिरेक्टरीतच करावा.

खामला

अंबाझरी_बाग यांनी सी ड्राइव्हचा मुद्दा मांडला हे फार चांगले झाले. माझा डब्ल्यूएसएलला विरोध नाही. पण तिथे संगणक सुरू होण्याची लिनक्सची प्रक्रिया नाही, ग्रब (सुरू होताना लिनक्स निवडून देणारा प्रोग्रॅम) नाही, डिस्कचे विभाजन नाही. ताईंना सर्व्हर सांभाळायचा आहे आणि सर्व्हर नेमका सुरू होतानाच अडतो, तेव्हा त्या पडद्यासमोर बसण्याची सवय हवी.

दोन्ही एकाच लॅपटॉपवर ठेवता येतात. तसे केल्यास व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या खालच्या पट्टीवर हिरवे कासव दिसण्याची शक्यता आहे. विंडोजच्या हायपर-व्ही या थरावरून मशीन चालत असून वेग कमी होईल, एवढाच त्याचा अर्थ. विंडोज ११ मध्ये सुरक्षिततेच्या काही सोयींमुळे डब्ल्यूएसएल नसतानाही ते दिसते. अक्षरी डेबियनला त्याने काही बिघडत नाही. त्या कासवापायी विंडोजच्या सुरक्षा सोयी बंद करण्याचे सल्ले जागोजागी मिळतात; घरच्या सामायिक लॅपटॉपवर ते मानू नयेत.

सावनेर_रोड

माळ्यावरचा डेस्कटॉप कोणी विचारात घेतला नाही म्हणून लिहितो. मी सीताबर्डीला संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि अशी यंत्रे रोज हाताळतो. कोअर टू ड्युओ हा ६४-बिटचा प्रोसेसर आहे, त्यामुळे डेबियन १३ त्यावर बसते. त्याहून जुने ३२-बिटचे यंत्र असते तर अडचण आली असती, कारण १३ व्या आवृत्तीपासून डेबियनने तशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले आहे.

पडून राहिलेल्या यंत्राची पहिली अडचण मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल ही असते. सीआर २०३२ हा सेल संपलेला असला की यंत्र प्रत्येक वेळी स्वतःची तारीख विसरते आणि घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग घडते असे : लिनक्स व्यवस्थित बसते, इंटरनेट चालू असते, पण ‘एपीटी’ने (डेबियनच्या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कमांडने) याद्या ताज्या करायला गेले की ‘ही रिलीज फाइल अद्याप वैध नाही’ अशा अर्थाचा निरोप येतो आणि ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राबद्दल तक्रार करतो. नवशिका माणूस नेटवर्क तपासत बसतो. ‘डेट’ ही कमांड दिली की कारण समोर येते. सेल कोणत्याही घड्याळाच्या दुकानात अल्प किमतीत मिळतो. बसवल्यावर ‘टाइमडेटसीटीएल’ने वेळ आणि ‘एशिया/कोलकाता’ हा पट्टा तपासून घ्यावा.

दुसरी गोष्ट, जुन्या हार्ड डिस्कवर विसंबण्यापूर्वी ‘स्मार्टमॉनटूल्स’ हे पॅकेज टाकून ‘स्मार्टसीटीएल’ने तिची प्रकृती पाहावी. तिसरी गोष्ट आपल्या गावाची. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, वीज अधूनमधून जाते आणि डेस्कटॉपला लॅपटॉपसारखी बॅटरी नसते. ईएक्सटी ४ या फाइल सिस्टिममध्ये जर्नल असल्यामुळे वीज गेली तरी तिची रचना सहसा शाबूत राहते, परंतु न जतन केलेला मजकूर जातोच. इन्व्हर्टरवर जोडता आले तर उत्तम. सीपीयूच्या पंख्यातली धूळ आधी काढावी, ‘एलएम-सेन्सर्स’ टाकून ‘सेन्सर्स’ ही कमांड ‘वॉच’च्या आधाराने चालू ठेवावी आणि दुपारच्या वेळी आकडे कसे चढतात ते पाहावे. हाही सरावच आहे, आणि खऱ्या यंत्रावरच होणारा सराव आहे.

जरीपटका

अँड्रॉइड फोनवर टर्मक्स (लिनक्सच्या कमांड चालवणारे ॲप) टाकले तर प्रवासातही सराव होतो. ते एफ-ड्रॉइड या ॲप-भांडारावरून घ्यावे. मात्र त्याची डिरेक्टरी-रचना नेहमीच्या लिनक्सपेक्षा वेगळी आहे आणि रूटचा अधिकार नसतो, म्हणून सर्व्हरचे काम शिकण्यासाठी ते मुख्य साधन म्हणून धरू नये.

रामदासपेठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. खामला भाऊंच्या सांगण्याप्रमाणे व्हर्च्युअलबॉक्समध्ये डेबियन बसवले आणि ‘कोरे’ हा स्नॅपशॉटही घेतला आहे. आता दोन अडचणी आहेत. काळ्या पडद्यावर मजकूर वर सरकून गेला की तो पुन्हा पाहता येत नाही. आणि मराठीत नाव असलेली फाइल केली तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. मराठी चालवण्यासाठी काही वेगळे टाकावे लागते का?

महाल_गांधीगेट

मी तंत्रनिकेतनात शिकवतो आणि हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

चौकोन दिसतात त्यात डेबियनचा दोष नाही. तुम्ही ज्या काळ्या पडद्यावर आहात तो कर्नलचा स्वतःचा कन्सोल आहे. त्याच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोय नसते. फाइलीतला मजकूर मात्र पूर्णपणे सुरक्षित असतो. उपाय असा की त्या पडद्यावर कामच करू नये. बाहेरून एसएसएचने आत जावे. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क विभागात ‘नॅट’ तसेच ठेवून पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये बाहेरचा पोर्ट २२२२ आणि आतला २२ असा नियम घालावा. मग विंडोजच्या टर्मिनलमधून ‘एसएसएच’, ‘उणे पी’ पर्यायाने २२२२, आणि तुमचे खाते ऍट १२७.०.०.१ असे लिहिले की तुम्ही आत. मजकूर वर-खाली सरकवता येतो, नक्कल करता येतो, आणि मराठी दिसते. काही टर्मिनलांत काना-वेलांट्या थोड्या सरकलेल्या दिसतील, पण वाचता येते. शिवाय कार्यालयातील सर्व्हरशी तुमचा संबंध एसएसएचमधूनच येणार आहे, तेव्हा हीच सवय लागू द्या.

आता सराव कशाचा करावा याविषयी. कमांडची यादी पाठ करून काही उपयोग होत नाही. स्वतःला ज्यात रस आहे अशी एक फाइल घ्यावी आणि तिला प्रश्न विचारावेत. माझ्या विद्यार्थ्यांना मी कळमन्याच्या बाजारातील संत्र्याच्या आवकेची कल्पित वही देतो. प्रत्येक ओळीत तारीख, गाव, पेट्या आणि भाव, मध्ये स्वल्पविराम. काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड अशी गावे. पहिला प्रश्न : कोणत्या गावातून किती वेळा माल आला? ‘कट’ने दुसरा रकाना काढावा, तो ‘सॉर्ट’ला द्यावा, मग ‘युनिक’ला ‘उणे सी’ पर्यायासह, आणि शेवटी पुन्हा ‘सॉर्ट’ला, या वेळी ‘उणे आरएन’ देऊन. एका ओळीत उत्तर मिळते. मग मधला ‘सॉर्ट’ काढून पाहावे. आकडे चुकतात, कारण ‘युनिक’ फक्त एकाखाली एक आलेल्या सारख्या ओळीच एकत्र करते. हे मी सांगितले तर विद्यार्थी विसरतात. स्वतः काढून पाहिले की विसरत नाहीत.

मग त्याच वहीतले आकडे देवनागरीत लिहून पाहावेत. पेट्यांच्या रकान्यात १२, ९, १०५ असे असेल आणि ‘सॉर्ट’ला अंकानुसार लावायला सांगितले, तर क्रम अंकांच्या किमतीप्रमाणे लागत नाही. ‘सॉर्ट’ची अंकगणना केवळ इंग्रजी (0 ते 9) अंकांनाच अंक मानते. ते अंक बदलायला ‘टीआर’ वापरावी असे कोणालाही सुचेल, पण ग्नूची ‘टीआर’ एकेक बाइट पाहते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असते, त्यामुळे भलताच मजकूर हाती येतो. इथे ‘सेड’ची ‘वाय’ ही आज्ञा कामास येते, कारण ती चिन्हांचा हिशेब ठेवते. पडताळा पाहायचा असेल तर ‘एको’ने नागपूर हा शब्द मोजणी करणाऱ्या ‘डब्ल्यूसी’कडे पाठवा. ‘उणे एम’ दिल्यास ७ येतात आणि ‘उणे सी’ दिल्यास १९. न, काना, ग, प, ऊकार, र ही सहा चिन्हे आणि शेवटी ओळ संपल्याची एक खूण. सहा त्रिक अठरा आणि त्यात ती एक. यासाठी मशीनचा लोकेल (भाषा व अक्षरांची मांडणी) यूटीएफ-८ असावा लागतो आणि डेबियनमध्ये तो तसाच असतो.

मराठीच्या बाबतीत आणखी एक जागा अशी आहे, जिथे अनुभवी माणसेही थबकतात. ‘शेतकऱ्याचे’ हा शब्द फाइलीत डोळ्यांना दिसतो आहे, तरी ‘ग्रेप’ या शोधणाऱ्या कमांडला सापडत नाही. यातला अर्धा र दोन-तीन प्रकारे टंकता येतो : नुक्त्याच्या ऱ पासून, किंवा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र निराळे असतात आणि ‘ग्रेप’ बाइटच जुळवते. दोन्ही शब्द बाइट दाखवणाऱ्या ‘ओडी’ या कमांडला देऊन पाहावे, फरक उघड होतो. हिशेबाच्या नोंदी वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कीबोर्डने भरलेल्या असतील तर ताईंना हे प्रत्यक्ष कामात भेटेल.

मदतीसाठी आधी ‘मॅन’ (कमांडची माहितीपुस्तिका) पाहण्याची सवय लावा. ‘मॅन’ला ‘पासडब्ल्यूडी’ विचारले तर पासवर्ड बदलण्याची कमांड दिसते, आणि मध्ये ५ हा अंक घातला तर त्याच नावाच्या फाइलीची रचना दिसते. पहिला विभाग कमांडचा, पाचवा फाइलींच्या रचनेचा, आठवा प्रशासनाचा. ‘सीडी’साठी मात्र ‘हेल्प सीडी’ लिहावे, कारण ती बॅश या शेलच्या पोटातलीच कमांड आहे. कोणती कमांड कुठली हे ‘टाइप’ सांगते. ऐकून शिकणे सोयीचे वाटत असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत.

हिंगणा_टी_पॉइंट

पुढेमागे प्रमाणपत्राचा विचार असेल, तर एक गोष्ट आताच ध्यानात ठेवावी. रेड हॅटची आरएचसीएसए ही परीक्षा पर्याय निवडण्याची नसून चालत्या मशीनवर कामे करून दाखवण्याची असते, आणि केलेले बदल मशीन पुन्हा सुरू केल्यावरही टिकले पाहिजेत. तिथे ‘एपीटी’ऐवजी ‘डीएनएफ’ आणि जोडीला एसईलिनक्स ही सुरक्षेची जादा व्यवस्था असते. त्यासाठी रेड हॅटशी जुळणाऱ्या अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सचे दुसरे व्हर्च्युअल मशीन करावे. जुन्या डेस्कटॉपवर त्यांची ९ वी आवृत्ती चालणार नाही, कारण ती प्रोसेसरकडून ज्या सूचनांची अपेक्षा ठेवते त्या कोअर टू ड्युओमध्ये नाहीत.

खामला भाऊंच्या एका सल्ल्याबद्दल मात्र मतभेद नोंदवतो. रूटचा पासवर्ड रिकामा सोडला की रूटचे खाते कुलूपबंद राहते. उद्या ताईंनी, सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ या फाइलीत, चुकीची ओळ लिहिली आणि मशीन आणीबाणीच्या स्थितीत गेले, तर डेबियन तिथे रूटचाच पासवर्ड मागते. खाते बंद असल्याने ‘कन्सोल उघडता येत नाही, रूट खाते बंद आहे’ एवढेच सांगून ते थांबते.

खामला

हिंगणा भाऊंचे म्हणणे बरोबर आहे आणि महत्त्वाचेही आहे. दोन्ही सोयी एकत्र मिळवता येतात : इन्स्टॉल करताना पासवर्ड रिकामा सोडून सुडोचा अधिकार मिळवावा आणि आत शिरल्यावर ‘सुडो पासडब्ल्यूडी रूट’ देऊन रूटला पासवर्ड लावावा. सरावाच्या मशीनवर हे निःशंकपणे करावे.

आणि ताई, हा बिघाड मुद्दाम करून पाहाच. स्नॅपशॉट घ्या. ‘सुडो नॅनो’ने ‘एफएसटॅब’ उघडून अस्तित्वात नसलेल्या डिस्कची एक ओळ शेवटी जोडा आणि मशीन पुन्हा सुरू करा. पडद्यावर काम सुरू असल्याचा निरोप येऊन दीड मिनिटाची मुदत मोजली जाईल, आणि मग आणीबाणीची स्थिती येईल. रूटचा पासवर्ड द्या, ‘जर्नलसीटीएल’ला ‘उणे एक्सबी’ देऊन कोणते एकक (युनिट) अयशस्वी झाले ते वाचा, फाइल दुरुस्त करा आणि ‘रीबूट’ द्या.

ते जमले की अधिक कठीण प्रकार करा. रूटचा पासवर्ड नाही असे समजून ग्रबच्या यादीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘इनिट’, मग ‘=’ हे बरोबरीचे चिन्ह आणि मग ‘बिन’ डिरेक्टरीतल्या ‘बॅश’चा पूर्ण मार्ग असे जोडा आणि कंट्रोल-एक्सने सुरू करा. शेल मिळेल, पण डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडलेली असेल. ‘माउंट’ला ‘रीमाउंट’ आणि ‘आरडब्ल्यू’ हे पर्याय देऊन ती लिहिण्याजोगी करावी लागते, तेव्हाच फाइल जतन होते. काम झाले की ‘सिंक’ देऊन मशीन पुन्हा सुरू करा. सर्व्हरची जबाबदारी घेणाऱ्या माणसाला ही वाट शांत डोक्याने चालता आली पाहिजे आणि ती शिकायची जागा घरच आहे. याच वाटेने कोणीही परका माणूस समोर बसून आत शिरू शकतो, हेही तुम्हाला तिथेच कळेल आणि सर्व्हरची खोली कुलूपबंद का ठेवतात ते समजेल.

पुसण्याच्या कमांडबद्दल दोन सवयी पहिल्यापासून लावून घ्या. ‘आरएम’पूर्वी ‘पीडब्ल्यूडी’ देऊन आपण कुठे आहोत ते पाहावे. आणि तारकाचिन्ह वापरणार असाल, तर आधी ‘आरएम’च्या जागी ‘एको’ लिहून नेमक्या कोणत्या फाइली त्या जाळ्यात येतात ते वाचून घ्यावे. तारकाचिन्हाचा विस्तार शेल करते, ‘आरएम’ करत नाही, म्हणून ‘एको’ जी यादी दाखवते तीच ‘आरएम’च्या हाती पडते.

रामदासपेठ

‘एफएसटॅब’चा प्रयोग केला आणि दुरुस्तही झाला. निरोपातला डिस्कचा पत्ता मी लिहिलेल्या ओळीशी जुळवून पाहिला, तेव्हा या फाइलीतला प्रत्येक रकाना कशासाठी आहे ते स्पष्ट झाले. ‘शेतकऱ्याचे’ हा शब्द ‘ओडी’मधून पाहिला, आमच्या कार्यालयाच्या जुन्या नोंदींत काही नावे शोधूनही का सापडत नाहीत, याचे उत्तर बहुधा तेच असावे. सहकाऱ्यांशी त्याबद्दल बोलणार आहे.

ठरवले आहे ते असे : रोजचा सराव व्हर्च्युअल मशीनवर करायचा, डब्ल्यूएसएल तूर्त टाकायचे नाही, आणि डेस्कटॉप सावनेर_रोड यांच्या सूचनांप्रमाणे दिवाळीच्या सुट्टीत खाली उतरवून त्यावर खरे इन्स्टॉलेशन करायचे. एक शेवटचा प्रश्न. लॅपटॉपची एसएसडी बिघडली तर हे मशीन जाईल. स्नॅपशॉट घेतलेले असले म्हणजे बॅकअप झाला असे समजावे का?

खामला

नाही, तसे समजू नये. स्नॅपशॉट मूळ डिस्कच्या फाइलीवरच अवलंबून असतो आणि त्याच एसएसडीवर राहतो; मूळ फाइल गेली की तोही गेला. मशीन बंद करून व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘एक्स्पोर्ट अप्लायन्स’मधून ‘ओव्हीए’ फाइल तयार करा आणि ती बाहेरच्या डिस्कवर ठेवा. निर्यातीत मशीनची त्या क्षणाची स्थिती येते, स्नॅपशॉट येत नाहीत. त्यामुळे ‘कोरे’ स्थितीची प्रतही हवी असेल, तर आधी आजच्या स्थितीचा स्नॅपशॉट घ्या, मग ‘कोरे’वर परत जाऊन एक निर्यात करा आणि आजच्या स्थितीवर येऊन दुसरी. दोन्ही फाइलींच्या नावांत तारीख घाला, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे ‘एलएस’च्या यादीत त्या आपोआप कालक्रमाने दिसतील.